जावेच्या केसांखालच्या खुणा

मोहाची फुलं वाळत घातली, की त्या आंबूस-गोड वासानं मला कुरखेड्याजवळचं सासर आठवतं. एकोणीसशे पन्नासचं दशक होतं, माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. थोरली जाऊ एकटीच पहाटे मोहफुलं वेचायला जंगलात गेली आणि परतलीच नाही. झाडाखाली तिची भरलेली टोपली तेवढी सापडली. वाघानं नेली असं धरून माणसं दोन दिवस जंगल धुंडाळत राहिली. तिसऱ्या दिवशी भर उन्हात ती चालत अंगणात आली. पायाला धूळसुद्धा नव्हती. "तीन दिवस कुठी होती वो?" सासूनं विचारलं. "तीन दिवस? मी तं आज सकाळीच गेली, बाई. परातीएवढा उजेड झाडावर उतरला. त्यातल्या लोकाइनं मले वर नेलं. त्याइच्या डोऱ्याले पापण्या नव्हत्या." थोरले दीर उंबऱ्यातूनच म्हणाले, "खोटं बोलून राह्यली. कोन्या मानसासंग गेली होती." तिला माहेरी धाडायचं ठरलं. निघण्याआधी मी तिचं डोकं धुऊन दिलं, तेव्हा मानेवरच्या केसांखाली एका ओळीत तीन गोल, गुळगुळीत डाग दिसले. त्या उन्हाळ्यातही ते बोटाला गार लागले. मी हात मागं घेतला. "तुले दिसलं ना?" तिनं हळूच विचारलं. मी "नाई" म्हणाले. ती गेली, ती पुन्हा आली नाही. त्या डागांबद्दल घरात मी सासूच्या धाकानं बोलले नाही असं आजवर स्वतःला सांगत आले. पण खरं म्हणजे, तिचं बोलणं मला पटलं होतं, आणि त्याचीच मला भीती वाटत होती.