माझ्या खांद्याची दीदी

तेलीबांधा भागातल्या दवाखान्यात माझ्या दुखऱ्या खांद्याचा व्यायाम घेणाऱ्या फिजिओथेरपिस्टला सगळे दीदी म्हणत. नाव मी कधी विचारलं नाही. खांद्याला हात लावण्याआधी ती तळवे चोळून गरम करायची.

चौथ्या दिवशी ती मध्येच थांबली. “काका, हात कसाही ठेवला तरी दुखणं कमी नाही होऊन राहिलं. हे नुसतं आखडणं नाही. व्यायाम बंद. आधी एमआरआय करा.”

हाडात दुर्मीळ गाठ निघाली. वेळेत कळली म्हणून हात वाचला.

ऑपरेशननंतर भेटलो, तेव्हा तिनं माझी केस संशोधनासाठी लिहायची परवानगी मागितली.

“काय लिहिशील?” मी विचारलं.

“हेच, की पहिले तीन दिवस मी चुकीचा व्यायाम दिला.”

मी सही केली. रेल्वेच्या सबंध नोकरीत माझी चूक मी एकाही कागदावर लिहिली नव्हती.