डोरिवेट आणि डोरिवर्ट

"मॅडम, लेले आजींची शुगर पडलीय," फोनवर वॉर्डातली नर्स वर्षा म्हणाली. "पण त्यांना शुगर नाहीच आहे."

मी चहाचा कप खाली ठेवला. ज्याला मधुमेह नाही, त्याची रक्तातली साखर अशी धाडकन पडत नाही. निदान सहसा नाही.

"किती आहे?"

"मशीनवर चाळीसच्या खाली दाखवलं. डॉक्टरांनी ग्लुकोजचं इंजेक्शन दिलं. आता डोळे उघडलेत."

"मी येते. त्यांच्या गोळ्यांच्या स्ट्रिप्स आहेत तिथेच असू देत."

मी तेव्हा पुण्यातल्या एका मोठ्या ट्रस्ट हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट होते. म्हणजे काय, हे मला आजही नातेवाइकांना समजावून सांगावं लागतं. औषधाच्या दुकानात काउंटरवर असतो तो फार्मासिस्ट सगळ्यांना माहीत असतो. माझं काम काउंटरच्या मागचं. रुग्णाला दिलेली औषधं एकमेकांशी भांडत नाहीत ना, डोस बरोबर आहे ना, हे बघायचं. आणि हॉस्पिटलची फॉर्म्युलरी सांभाळायची. फॉर्म्युलरी म्हणजे हॉस्पिटलनं ठरवलेली औषधांची यादी. यादीत आहे ते आम्ही ठेवतो, नाही ते ठेवत नाही. ऐकायला सोपं आहे. घरात डाळी किती प्रकारच्या आणायच्या हे ठरवण्याइतकं सोपं. फक्त आमच्या घरात साठ-सत्तर डॉक्टर होते आणि प्रत्येकाला आपली डाळ हवी होती.

मी नोकरीला लागले तेव्हा एका औषधाचे तीन-चार ब्रँड असायचे. बाजार खुला झाला आणि बघता बघता तेच औषध चाळीस नावांनी मिळू लागलं. आत तीच पावडर, बाहेर नवं नाव, नवा खोका. रोज दुपारी कंपन्यांचे एम.आर., म्हणजे औषधं खपवणारे प्रतिनिधी, टाय लावून ओपीडीबाहेर उभे असायचे. दर आठवड्याला कुठल्या तरी डॉक्टरांची चिठ्ठी यायची, "कृपया हे यादीत घ्यावे." मी विचारायचे, "हेच औषध आपल्याकडे आहे, मग दुसरं नाव कशाला?" उत्तर ठरलेलं. "याचा रिझल्ट चांगला आहे."

कान-नाक-घशाच्या डॉ. पोतदारांनीही असंच एक नाव आणलं होतं. चक्करवरची गोळी. खरं नाव मी इथे देत नाही, डोरिवर्ट म्हणू. आमच्या यादीत मधुमेहाची एक जुनी गोळी होती, तिला डोरिवेट म्हणू. मी औषध समितीच्या बैठकीत म्हटलं होतं की ही दोन नावं शेजारी नकोत, शिवाय चक्करवरचं तेच औषध दुसऱ्या नावानं आपल्याकडे आहेच. समितीत डॉक्टरच होते. आज याच्या गोळीला नाही म्हटलं तर उद्या तो आपल्या गोळीला नाही म्हणेल, हा हिशेब प्रत्येकाला पाठ होता. डोरिवर्ट यादीत आली.

मी वॉर्डात पोचले तेव्हा सुमतीबाई लेले उशीला टेकून बसल्या होत्या. सत्तरीच्या पुढच्या, किडकिडीत, पांढरे केस घट्ट बांधलेले. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. नवरा गेल्यापासून एकट्या राहायच्या आणि घरीच दहावीच्या मुलांच्या शिकवण्या घ्यायच्या. चक्कर येते म्हणून पोतदारांनी त्यांना दाखल करून घेतलं होतं. कपाळावर अजून घाम होता.

कॉटशेजारच्या टेबलावर स्ट्रिप होती. डोरिवेट. केसपेपरवर पोतदारांच्या अक्षरात डोरिवर्ट. म्हणजे मला ते डोरिवर्ट वाटलं, कारण मला काय शोधायचंय ते माहीत होतं. दुसऱ्या कुणाला काहीही वाटलं असतं.

पुढचं उलगडायला फार वेळ लागला नाही. हॉस्पिटलमध्ये नुकतंच नवं सॉफ्टवेअर आलं होतं. डॉक्टर कागदावर लिहायचे, नर्सनं ते कॉम्प्युटरवर भरायचं, खाली फार्मसीत मागणी दिसायची. पहिली तीन अक्षरं टाइप केली की नावं खाली उघडायची. जे औषध जास्त मागवलं जातं ते वर यावं, अशी सोय सॉफ्टवेअरवाल्यांनी करून दिली होती. ट्रस्टींना ती फार आवडली होती. वर्षानं डी, ओ, आर टाइप केलं. वर डोरिवेट आली. तिनं एन्टर दाबलं. फार्मसीत फक्त नाव आणि गोळ्यांची संख्या दिसायची, आजार दिसायचा नाही. गोळ्या वर आल्या. चक्करवरची गोळी दिवसातून तीनदा असते, तशी ही तीनदा दिली गेली.

आणि साखर कमी झाली की काय होतं? घाम येतो, हातपाय थरथरतात, चक्कर येते. बाई चक्करसाठीच दाखल होत्या. "आजींची चक्कर कमी होत नाही," असं दोन राउंडमध्ये लिहिलेलं होतं. सकाळी त्या हाकेला ओ देईनात तेव्हा वर्षाला शंका आली आणि तिनं बोटाला सुई टोचून साखर बघितली. ज्या मुलीनं चुकीचं बटण दाबलं, तिनंच बाईंना वाचवलं.

ती औषधांच्या ट्रॉलीजवळ उभी होती. यवतमाळकडची मुलगी, धायरीला तीन मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहायची.

"सगळे मलाच बोलून राहिले, मॅडम," ती म्हणाली. "डायरेक्टर साहेबांनी मेमो काढायला सांगितलाय. नोकरी जाईल का?"

"माहीत नाही," मी म्हटलं. खोटा धीर देण्याइतकीही ताकद माझ्यात नव्हती. असले मेमो मी बरेच पाहिले होते.

मेडिकल डायरेक्टर डॉ. साठे तसे सभ्य माणूस. माझं सगळं ऐकून घेतलं.

"नर्सनं चुकीचं औषध मागवलं," ते म्हणाले. "सरळ आहे."

"सर, दोन नावं शेजारी ठेवली ती आपण."

"बाकीच्या नर्सेसना बरं जमतं?"

"आत्तापर्यंत जमलं. आणि घरच्यांना काय सांगायचं?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "पेशंट आता बरी आहे. वय आहे, खाणं कमी आहे. त्यात परवा संकष्टी होती, जेवणाचं ताट परत पाठवलं होतं म्हणे. मुलगीच म्हणत होती, उपासानं झालं."

"एका उपासानं साखर एवढी पडत नाही, सर."

"ते तुम्हाला माहीत आहे," साठे म्हणाले आणि समोरची फाइल उघडली.

औषधाचा अंमल उतरेपर्यंत सलाइन चालू ठेवायचं होतं, म्हणून मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वॉर्डात गेले. खोलीत सुमतीबाईंची मुलगी माधुरी होती. विश्रांतवाडीला राहणारी, बँकेत नोकरी करणारी. ती आईच्या कपाटातली कुठली भांडी कुणाला द्यायची ते फोनवर बोलत होती. फोन ठेवल्यावर मला म्हणाली, "मॅडम, तुम्हीच सांगा हिला. या वयात उपास करतात का? घरात एकटी असताना बेशुद्ध पडली असती म्हणजे? मी आता ठरवलंय, हिला आमच्याकडे नेणार. फ्लॅट भाड्यानं देऊन टाकू."

"आणि शिकवण्या?" मी विचारलं.

"आता कसल्या शिकवण्या!"

सुमतीबाई खिडकीकडे बघत होत्या. आदल्या दिवशी शुद्धीवर आल्या आल्या त्यांनी मला विचारलं होतं, "काय दिलंत, किती दिलंत, कशासाठी दिलंत?" तीच बाई आता लेकीच्या पुढे मान खाली घालून बसली होती. थोड्या वेळानं हळूच म्हणाल्या, "साबुदाणा खाल्ला होता मी. बहुतेक. आता आठवत नाही."

तिथे मला राहवलं नाही. माझी नोकरी औषधांची होती, घरच्या भानगडींची नव्हती. पण एका धडधाकट बाईचं घर आमच्या दोन अक्षरांपायी बंद होत होतं आणि त्याचा दोष तिच्या गणपतीवर जात होता.

मी आधी साठेंकडे गेले. त्यांना न सांगता करायचं नव्हतं. "मी लेले बाईंना खरं सांगणार आहे," म्हटलं. ते म्हणाले, "मी तुम्हाला सांगा असं म्हटलेलं नाही."

"नाही."

"सांगू नका असंही म्हटलेलं नाही."

एवढ्यावर मी उठले. वाटेत पोतदारांना गाठलं, "तुमची पेशंट आहे, तुम्हीही या," म्हटलं. ते म्हणाले, "माझी ओपीडी आहे." होतीही. बाहेर रांग लागली होती.

मी खुर्ची ओढून कॉटजवळ बसले आणि सगळं सांगितलं. दोन नावं, कॉम्प्युटर, मधुमेहाची गोळी दिवसातून तीनदा. "उपासाचा काही संबंध नाही," म्हटलं. "तुम्ही काही विसरला नाहीत. चूक हॉस्पिटलची आहे. मला माफी मागायची आहे."

माधुरीचा चेहरा लाल झाला. "म्हणजे तुम्ही माझ्या आईला मारत होतात? कोण ती नर्स? मला नाव पाहिजे. मी कंप्लेंट करणार!"

"करा," मी म्हटलं. "पण एकट्या नर्सची करू नका. माझ्या यादीची करा, समितीची करा."

"माधुरी, खाली बस." सुमतीबाईंचा आवाज एकदम वर्गातला झाला. मुलगी बसली. बाईंनी मला विचारलं, "पुन्हा सांगा. दोन्ही नावं."

मी सांगितली. त्यांनी तळहातावर बोटानं लिहून पाहिली. एकाखाली एक.

"नर्स म्हणजे वर्षा का? यवतमाळची?"

"हो."

"तिनंच मला हलवून हलवून जागं केलं. बाकी सगळे आजींना झोपू दे म्हणत होते." मग त्या माझ्याकडे वळल्या. "ही नावं अजून शेजारीशेजारीच आहेत?"

"हो."

"म्हणजे आत्ता, या क्षणी, खाली कुणीतरी हेच करू शकतं?"

"हो."

"मग अहो, इथे काय बसलात?"

माफी मागायला गेलेल्या माणसाला एवढ्या थोडक्यात बाहेर काढलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

त्याच दुपारी मी फार्मसीतला डोरिवर्टचा साठा वेगळा काढून कुलपात ठेवला आणि साठेंना कळवलं की समितीची बैठक होईपर्यंत ती मिळणार नाही. साठे काही बोलले नाहीत. पोतदार बोलले. कॉरिडॉरमध्ये, चारचौघांत.

"तुम्ही कोण माझं औषध बंद करणाऱ्या?"

"औषध बंद केलेलं नाही, सर. तेच औषध दुसऱ्या नावानं आहे. मी फक्त नाव बंद केलंय."

"एका नर्सच्या चुकीसाठी?"

"आत्तापर्यंत एकीच्या."

बैठकीला सगळे आले. अशा बैठकांना निम्मेच येतात, पण बातमी पसरली होती. मी दोन्ही स्ट्रिप्स टेबलावर ठेवल्या. दोन्ही रुपेरी, दोन्हींवर निळी अक्षरं. त्यावर बराच वाद झाला. कुणी म्हणालं, यादीत तांबड्या रंगानं इशारा द्या. कुणी म्हणालं, नर्सेसना ट्रेनिंग द्या. मला त्या वादाचा कंटाळा आला. शेवटी मी पोतदारांना म्हटलं, "सर, बाई तुमच्याच वॉर्डात आहेत, अजून डिस्चार्ज नाही. त्या विचारतात, नाव काढलं का. उद्या राउंडला तुम्हीच उत्तर द्या."

साखर पडली त्या दिवसापासून पोतदार बाईंच्या खोलीत फक्त असिस्टंटला पाठवत होते, हे मला माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं की मला माहीत आहे.

"काढा," ते म्हणाले.

डोरिवर्ट गेली. दुसऱ्या दिवशी पोतदार स्वतः राउंडला गेले आणि बाईंशी बोलले. काय बोलले ते मी विचारलं नाही. बाहेर आले तेव्हा वर्गाबाहेर उभं केलेल्या मुलासारखे दिसत होते, एवढं खरं. माधुरीनं साठेंच्या केबिनमध्ये जाऊन भरपूर आवाज चढवला, आणि तो तिचा हक्क होता. पण आई बरोबर गेली होती, आणि आईनं एवढंच सांगितलं की वर्षाला काढलंत तर मी इथून हलणार नाही. सुमतीबाई त्यांच्या स्वतःच्या घरी गेल्या. शिकवण्या पुन्हा सुरू केल्या. चक्कर अधूनमधून येत राहिली, कारण तिच्यावर उपचार असे आम्ही केलेच नव्हते. ते नंतर झाले.

वर्षाची नोकरी राहिली, पण मेमो फाइलीतून निघाला नाही. मी दोनदा मागणी केली. "प्रोसिजर आहे," असं उत्तर आलं. वर्षभरानं ती दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये गेली. जाताना पेढे देऊन गेली. सॉफ्टवेअरवाल्यांनी ती वर-खाली करण्याची सोय काढून टाकली, आणि कामाचा वेग कमी झाला म्हणून ट्रस्टींनी मला बोलावून नाराजी सांगितली.

पुढच्याच महिन्यात माझ्या टेबलावर नवी चिठ्ठी आली. एका डॉक्टरांना रक्तदाबाची एक नवी गोळी यादीत हवी होती. नाव वाचलं. आमच्याकडच्या झोपेच्या गोळीपेक्षा एका अक्षरानं वेगळं. खाली लिहिलं होतं, रिझल्ट चांगला आहे.

मी निवृत्त होईपर्यंत हेच करत होते. तेवढ्या वर्षांत एक गोष्ट शिकले. यादीत नाव घालायला एक सही पुरते. काढायला कुणाची तरी शुद्ध जावी लागते.