गल्लीकडची खिडकी

बीडला मामाच्या घरी राहून मी कॉलेज करते. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच. दिवाळी झाली की आई आणि दादा, म्हणजे माझे वडील, ऊसतोडीला जातात आणि नेकनूरजवळच्या आमच्या घराला कुलूप लागतं. त्यामुळे मामीनं ठेवून घेतलं तरच माझं शिक्षण, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मला मागची लहान खोली मिळाली. तिला गल्लीकडे उघडणारी, लोखंडी गजांची एक खिडकी होती. ती मी रात्री उघडी ठेवायचे. यात काही वावगं असेल असं खरंच वाटलं नव्हतं. लहानपणी मी आई-दादांबरोबर फडावर कोपीत झोपले आहे. बांबू, चटया आणि उसाचं पाचट यांची ती झोपडी. वारा एकीकडून शिरायचा, दुसरीकडून जायचा. बंद खोलीत माझा जीव गुदमरायचा. खिडकी उघडली की गोधडी डोक्यावर ओढून मी गाढ झोपायचे.

मामी उठून खिडकी लावायची. मी परत उघडायचे. हट्ट म्हणून नाही, निदान मला तरी तसं वाटत नाही.

एका सकाळी नळावर समोरची बाई मामीला म्हणाली, "तुमच्या भाचीला एवढ्या थंडीत उकडतंय व्हय ओ?"

मामी तिच्यासमोर हसली. घागर घेऊन आत आली तेव्हा ते हसू तोंडावर नव्हतं.

"कावून उघडी ठिवतीस? कोण येतंय गल्लीत?"

"कुणी नाही, मामी. झोप येत नाही बंद खोलीत."

"गजातून माणूस येत न्हाई, पण घराचं नाव जातं. माझ्या पोरीचं लगीन व्हायचं हाय अजून."

मामानं दादांना फोन लावला. मी शेजारीच उभी होते. "दाजी, पोरगी घिऊन जा," एवढंच बोलून त्यानं फोन ठेवला.

दादा कामाचा खाडा करून एसटीनं आले. मला काहीच विचारलं नाही. खिडकीपाशी जाऊन एकेक गज हलवून बघितला. मग मामाकडं हातोडी मागितली.

"दादा, कोपीला तर दारच नसतं," मी म्हणाले.

"तिथं दारात मी आडवा निजतो. कोयता उशाला घिऊन." त्यांनी मागं वळून बघितलं नाही. "तुला काय वाटलं, वारं खायाला निजतो?"

मला वाटायचं, आत जागा पुरत नाही म्हणून ते दारात झोपतात.

"आता सांग. खिडकी पायजे का कालेज?"

"कॉलेज."

"मग धर खिळे."

त्यांनी खिडकीची झडप ओढून लावली आणि मी एकेक खिळा देत गेले. मामी दारात उभी राहून बघत होती. झालं असं वाटलं तेव्हा म्हणाली, "दाजी, वरून आजून दोन मारा." त्यांनी मारले. चहा झाला होता, पण ते थांबले नाहीत. जाताना मामीला म्हणाले, "ठिवून घ्या. आता तुमच्या सवाधीन हाय. चुकली तर हाणा."

त्याच दिवशी मामीनं माझ्या दाराची आतली कडी काढून घेतली. आता दार सताड उघडं ठेवूनच झोपायचं. मी अंथरुणात दिसले पाहिजे. मामेबहीण रात्री पाण्याला उठली की मोबाईलची बॅटरी माझ्या तोंडावर मारते. "हाय गं आई, हितंच हाय!" असं ओरडून हसते. मामीही पलीकडून हसते. मी डोळे मिटून पडून राहते.

सकाळच्या तासाला पहिल्या बाकावर मला डुलकी लागते. सर वर्गाला सांगतात, "बघा, रात्रभर अभ्यास करते ही पोरगी. शिका काहीतरी."

मी मान हलवते आणि लिहून घेत राहते.