एकही चूक नसलेली बारा मिनिटं

दादा वहिनीला मारायच्या आधी माझ्या खोलीचं दार ओढून घ्यायचा. माझ्या अभ्यासात व्यत्यय नको म्हणून. विनोद करत नाहीये मी, असंच व्हायचं.

आमच्या अख्ख्या खानदानात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी, तेही स्टॅटिस्टिक्स घेऊन. त्याचा मला अजूनही अभिमान आहे. सोनिवलीची शेती विकून आम्ही कात्रपला दोन बेडरूमचा फ्लॅट घेतला, तेव्हा एक खोली दादा-वहिनीला गेली आणि दुसरी आईने मला दिली. ती स्वतः हॉलमध्ये झोपायची. म्हणायची, "त्याला शिकायचंय."

घरच्यांना वाटायचं मी बँकेच्या परीक्षेचा अभ्यास करतोय. मी ऑनलाइन पोकर खेळत होतो. तेव्हा तो उघड चालायचा. उल्हासनगरला सेकंडहँड लॅपटॉप घेतला तेव्हा सिंधी दुकानदार म्हणाला होता, "साईं, पढ़े-लिखे हो, भाव मत करो." त्या लॅपटॉपवर दोन सॉफ्टवेअर होती. एक माझा प्रत्येक डाव साठवायचं, म्हणजे नंतर तो पत्त्या-पत्त्याने पुन्हा बघता यायचा. दुसरं तो तपासायचं. बरोबर चालीला हिरवी खूण, चुकीला लाल. आई शेजारणींना स्क्रीन दाखवायची. "बघा, नुसती गणितं!"

माझा दोष होता संताप. एक डाव गेला की पुढचे चार मी रागात घालवायचो, लाल खुणांची रांग लागायची. म्हणून मी स्वतःला शिकवलं, पत्त्यांपलीकडचं काही बघायचं नाही, काही ऐकायचं नाही.

एका सोमवारी दादा साइटवरून अकरालाच परत आला. वाळू-विटा पुरवायचा तो. वहिनी फोनवर माहेरी रडली, हे त्याला कळलं होतं. माझं दार ओढलं गेलं.

दुपारी मी सकाळचे डाव तपासायला बसलो. हातात दोन राण्या आल्या तो डाव लावला आणि मला कपाटाचा पत्रा आठवला. धाडकन वाजला होता. वहिनीचं डोकं आपटलं होतं त्यावर. पुढच्या डावात बदामची अठ्ठी पडली, तेव्हा ती ओरडली होती, "कानावर नको, अहो, कानावर नको!" तिचा डावा कान दिवाळीतल्या मारापासून गेला होता. आता दादा उजव्यावर मारत होता. चौकटचा राजा पडला तेव्हा नुसता धपाधप आवाज होता, ती ओरडायचीही थांबली होती.

म्हणजे मी सगळं ऐकलं होतं. पत्त्यासकट लक्षात होतं. बारा मिनिटं, आणि सॉफ्टवेअरने एकूण एक चालीला हिरवी खूण दिली होती. एवढा चांगला मी आधी कधीच खेळलो नव्हतो.

आठ दिवसांनी पुन्हा दार ओढलं गेलं. माझ्या हातात दोन एक्के होते, पोकरमधली सगळ्यात भारी जोडी. मी उठलो.

स्वयंपाकघरात दादाने तिचे केस मुठीला गुंडाळले होते आणि दुसरा हात वर होता. आई हॉलमध्ये तोंडात पदर कोंबून बसलेली.

"जा आत," दादा म्हणाला. "तुझा अभ्यास बघ."

मी त्याचं मनगट धरलं. त्याने ओट्यावरचा स्टीलचा तांब्या उचलून माझ्या तोंडावर घातला. पुढचा दात जिभेवर आला. मी पोळपाट घेतला आणि त्याच्या कोपरावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज झाला, तो खाली बसला आणि मला बरं वाटलं. हे लपवून उपयोग नाही, फार बरं वाटलं. डोक्यात घालायला मी पोळपाट पुन्हा उचलला.

"बास!" वहिनी मधे आली. "आता तुम्ही पण?"

मी पोळपाट ठेवला. तिने केस बांधले, माझ्याकडे बघितलं. "माझा एकच कान गेलाय, भावोजी. तुमचे दोन्ही गेले होते का?"

आई रडत होती. "शिकलेल्या पोराने मोठ्या भावावर हात उचलला गं!"

वहिनीने पिशवी भरली. मी तिला अंबरनाथला तिच्या वडिलांकडे सोडायला निघालो. दोघांच्या तोंडाला रक्त बघून रिक्षावाला म्हणाला, "काय ओ, अ‍ॅक्सिडेंट?"

"हो," वहिनी म्हणाली. "सात वर्षं चालला."

संध्याकाळी लॅपटॉप उघडला. वेळ संपल्यावर डाव सोडून माझे दोन एक्के आपोआप टाकले गेले होते. सॉफ्टवेअरने त्यावर लाल खूण केली होती. ती बरोबरच होती, एक्के कोणी टाकत नाही.

वहिनी पुन्हा कात्रपला आली नाही. तिचा उजवा कान शाबूत आहे. त्या दिवशी रिक्षात मी तिच्या डाव्या बाजूला बसलो होतो. वाटेत एकदा म्हणालो, "वहिनी, माफ करा." ती बाहेर बघत राहिली. मला वाटलं, रागावलीय. बहिऱ्या कानाशी बोललो, हे ती उतरल्यावर लक्षात आलं. पिशवी घेऊन ती जिना चढत होती. मोठ्याने हाक मारून पुन्हा म्हणायला हवं होतं. मी रिक्षावाल्याला म्हणालो, "चला, कात्रप."