आई-आबांची वेगवेगळी जर्मनी

आम्ही जर्मनीत होतो त्या वर्षांत माझी आई तिकडे येऊन गेली आणि आबाही येऊन गेले. दोघं मिळून मात्र एकदाही आले नाहीत. आता आम्ही कोल्हापुरात परत येऊन स्थिरावलो आहोत, मुलं मोठी झाली आहेत. तिकडच्या चुकलेल्या, राहून गेलेल्या गोष्टी पुष्कळ आहेत, पण मनात सारखी खुपते ती ही एक.

माझं माहेर मुरगूडजवळच्या खेड्यातलं. शाळा मुरगुडात झाली आणि कॉलेज कोल्हापुरात. आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. आबांची शेती थोडी, पण दावणीला म्हैस कायम. त्या दुधावर माझा एसटीचा पास निघाला, वसतिगृहाची खोली मिळाली, पुस्तकं आली. म्हणून म्हशीबद्दल वाकडं बोलायचा मला अधिकार नाही, हे आधीच सांगते.

तर जर्मनीच्या त्या वर्षांत दावणीला होती ती म्हैस फक्त आबांच्या हाताला पान्हा सोडायची. चुलते धार काढायला बसले की ती दूध वर ओढून धरायची. आई बसली तर चरवीत अर्धा पाव दूध द्यायची आणि मग लाथ. एकदा आबा तापाने फणफणलेले असताना आईने त्यांचा सदरा घालून, डोक्याला त्यांचा पटका गुंडाळून बघितला. म्हशीने मान वळवून आईकडे बघितलं आणि चरवी उडवली. "मला वळाकलं की तिनं! नवऱ्यानं वळाकलं नसतं," असं आई अजूनही सांगते.

लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याला स्टुटगार्टजवळच्या एका गावात नोकरी मिळाली. मुलगी तेव्हा नुकती चालायला लागली होती. नवरा पेठ वडगावचा. त्याचे आई-वडील आमच्या लग्नाआधीच गेलेले. त्यामुळे मुलांना आजी-आजोबा म्हणून होते ते आई आणि आबा एवढेच. भाऊ पुण्यात कंपनीत होता, चुलते थकले होते, त्यांच्यापैकी कुणाला गोठा सांभाळणं शक्य नव्हतं.

दुसऱ्या बाळंतपणाला आई आली. म्हैस तेव्हा दुभती होती, म्हणजे आबांना हलता येणार नव्हतं. भर थंडीचे दिवस. लुगड्यावर माझ्या नवऱ्याचं जाड जॅकेट आणि पायात बूट घालून आई बाबागाडी ढकलत तळ्यापर्यंत जायची. शेजारची म्हातारी जर्मन बाई तिच्याशी जर्मनमध्ये बोलायची, आई तिच्याशी मराठीत, आणि दोघींचं बरं चालायचं. पहिला बर्फ पडला तेव्हा आई खिडकीशी बराच वेळ उभी राहिली. मला वाटलं खूश असेल. जवळ गेले तर म्हणाली, "ह्यास्नी दावायला पायजे हुतं गं."

मी फोन लावून कॅमेरा खिडकीबाहेर धरला. पडद्यावर आबा गोठ्यात उभे होते.

"दिसलं का वो?" आईने विचारलं.

"पांढरं पांढरं दिसतंय. कापूस हाय व्हय?"

"बर्फ हाय बर्फ! तुमास्नी कशाचं काय कौतुक न्हाय."

"बरं बरं. बाळाला टोपी घाला. आणि पेंड कुठं ठेवलीयास ते सांग आधी."

आई परत गेली, आणि पुढच्या वर्षी आबा आले. म्हैस गाभण होती, आटली होती. धारेचा प्रश्न नव्हता, पण तिचं वैरण-पाणी बघायला कुणीतरी घरी हवं, म्हणून आई मागे राहिली. आमच्या घरातून जर्मनीला कुणी कधी जायचं हे असं म्हैस ठरवायची. व्हिसा देणारे नंतर.

आबा वसंतात आले. सगळीकडे हिरवं झालेलं. ते नातवंडांना घेऊन रस्त्याच्या कडेने चालत जायचे आणि कुंपणाशी उभे राहायचे. "एवढं गवात," ते म्हणायचे, "आणि म्हैस एक न्हाय! ह्या माणसांचं काय खरं न्हाय बघ." मुलीला त्यांनी गवताची पिपाणी वाजवायला शिकवली. ती बालवाडीत वाजवून दाखवली तेव्हा सगळ्या पोरांना पाहिजे झाली, आणि दुसऱ्या दिवशी आबांना त्या बालवाडीच्या फाटकात उभं राहून पिपाण्या करून द्याव्या लागल्या. जर्मन पोरं रांग लावून उभी होती. आबा एकेकाला "घ्या पावणं" म्हणून देत होते. रोज दुपारी ते आईला फोन करायचे. आधी म्हशीची चौकशी, मग पावसाची, मग आईची.

"माझा नंबर कधी लागायचा?" आई तिकडून ओरडायची.

"तू काय, बोलून सांगतीस. ती काय बोलणार हाय?"

म्हैस व्यायच्या आत आबा परत गेले. जायच्या आदल्या संध्याकाळी जेवताना मुलीने मला विचारलं, "आई, आबा आजीला ओळखतात का?"

आम्ही सगळेच हसलो. पण तिचं बरोबर होतं. आजी आली होती ती एकटी, आबा आले होते ते एकटे. फोनवर बहुतेक वेळा एकाच माणसाचं तोंड दिसायचं, दुसरं माणूस कामात असायचं. गाव सोडलं तेव्हाचं तिला आठवत नव्हतं. मी ते आईला फोनवर सांगितलं. ती पोट धरून हसली आणि म्हणाली, "सांग तिला, मलाबी कवाकवा तसंच वाटतंय बघ."

तेव्हापासून माझ्या मनाने घेतलं की काही झालं तरी दोघांना एकत्र आणायचं. आई-आबांनी मिळून जोतिबाच्या पलीकडे कधी प्रवास केलेला नव्हता. तोसुद्धा पहाटेची धार काढून जायचं आणि संध्याकाळच्या धारेला परत यायचं, असा. त्यांनी एकदा तरी शेजारी-शेजारी बसून लांब कुठंतरी जावं, रात्री दुसऱ्या गावात झोपावं, सकाळी दोघांपैकी कुणालाही उठायची घाई नसावी, एवढीच माझी इच्छा होती. आणि ते मुलं लहान आहेत तोवर व्हावं. मुलं मांडीवर बसण्याच्या वयाची आणखी किती दिवस राहणार होती?

मी आबांना सरळ म्हटलं, "म्हैस विका." मला वाटलं होतं ते चिडतील. ते म्हणाले, "इकूया. वय झालंय आता माझंबी." शेजारच्या गावातल्या एका ओळखीच्या माणसाला म्हैस दिली. मी दोघांची तिकिटं काढली, आल्प्सच्या पायथ्याला सहा जणांना पुरेल असं घर ठरवलं. मुलीने मोठ्या कागदावर विमान काढलं आणि खिडकीत दोन तोंडं काढली.

म्हैस गेली आणि लगोलग तिचा नवा मालक मोटरसायकलवरून दारात आला. "पावणं," तो म्हणाला, "म्हस धारंला हुबी ऱ्हाईना. कास दगडागत झालीया. तुमी या एकडाव."

आबा गेले. धार काढून दिली. संध्याकाळी परत गेले. मग दुसऱ्या दिवशी. आई फोनवर सांगायची तेव्हा आम्हाला हसू यायचं. सासरी गेलेल्या लेकीला भेटायला कुणी बाप एवढा जात नसेल, असं ती म्हणायची. त्या माणसाने आबांना बाजूला बसवून स्वतः बघितलं, घरच्या बाईला बसवून बघितलं. म्हैस काही ऐकेना. प्रवासाचा दिवस जवळ आला तशी मला धास्ती वाटू लागली.

"आबा, म्हैस विकलीय ना तुम्ही? आता ती त्यांची झाली," मी म्हणाले.

"त्यांची झाली खरं. पण म्हशीला ते कळाय नको व्हय?"

"त्यांचं ते बघतील की."

"तसं न्हाय पोरी. कास सुजली तर मुकं जनावर हकनाक जायाचं. त्यानं माझ्या तोंडाकडं बघून घेतली हाय. तू आईला येऊ दे. मी मागनं येतो."

मी भांडले. इतकं बोलले की नवऱ्याने माझ्या हातातून फोन काढून घेतला. आबा "मागनं येतो की," एवढंच पुन्हा म्हणाले.

विमानतळावर आई एकटी बाहेर आली. मुलगी तिच्या मागे बघत राहिली. "शेजारची जागा मोकळीच हुती," आई म्हणाली, "मी आपली पाय वर घिऊन ताणून दिली!" सगळे हसलो. घरी तिची बॅग उघडली तर आबांचा स्वेटर, आबांची कानटोपी, आबांचे नवीन बूट. मी म्हटलं, "हे कशाला आणलंस?" ती म्हणाली, "म्हटलं, शेवटच्या घडीला येतील." विमानात बसल्यावर शेवटची घडी कुठली?

आल्प्समधल्या त्या घरात आम्ही पाचजण राहिलो. दात्यांच्या रुळावरून डोंगर चढणाऱ्या गाडीत आई मुलाला मांडीवर घेऊन बसली होती. वरती पोचल्यावर सगळ्या बाजूंनी बर्फाची शिखरं. या वेळी ती 'ह्यास्नी दावायला पायजे हुतं' असं म्हणाली नाही. मी वाट बघत होते, पण म्हणाली नाही.

आबा मागून आले नाहीत. म्हशीला नवा हात मानवेपर्यंत उन्हाळ्याची सुट्टी संपली होती. त्यानंतर रिकामा गोठा बघवेना म्हणून त्यांनी एक रेडी आणली. मला राग आला होता आणि तो मी बरेच दिवस धरून ठेवला. पुढच्या सुट्टीत आम्ही इटलीला गेलो, त्याच्या पुढच्या सुट्टीत समुद्रावर. मुलांना कागदाच्या पुड्यातल्या बटाट्याच्या फोडी खाऊ घालत, गाडीत मागे त्यांच्या उलट्या पुसत, कुठल्या कुठल्या गावांत आम्ही फिरलो. ते दिवस चांगलेच होते. प्रत्येक वेळी मी म्हणायचे, आई-आबांचं पुढच्या वर्षी बघू. मग आईचा गुडघा धरला. मग नवऱ्याच्या कंपनीने ते काम बंद केलं, आणि आम्ही सामान बांधून कोल्हापूरला आलो. पुढच्या वर्षाचं तिकडे काही उरलं नाही.

इथे फ्लॅट घेतला तेव्हा मनात होतं, आता काय, दोघं हवं तेव्हा येतील. येतात. पण मुलगी आता क्लासला जाते, मुलगा मैदानावर. मांडीवर बसायचं वय दोघांचंही सरलं. आणि रेडीची आता म्हैस झाली आहे, म्हणजे संध्याकाळी परत जायचं असतंच.

गेल्या महिन्यात मुलाच्या वाढदिवसाला दोघं सकाळीच आले. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई शुभेच्छा द्यायला आल्या आणि बसल्या. त्यांचा मुलगा नुकताच कॅनडाला गेला आहे. त्या आईला म्हणाल्या, "तुम्ही गेला होता का हो लेकीकडे जर्मनीला?"

"गेलतो की," आई म्हणाली. "दोघंबी गेलतो."

"बाई! एवढ्या लांब? विमानात भीती नाही वाटली?"

"मला कुठली भीती. ह्यास्नीच वाटत हुती. खिडकीजवळ बसवलं तर पडदा वर करू देईनात."

मी स्वयंपाकघराच्या दारात चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आबांकडे बघितलं. ते खाली मान घालून बशीतला लाडू मोडत होते. मला वाटलं, आता म्हणतील काहीतरी. ते म्हणाले, "पडदा मी वर केला हुता. हीच डोळं मिटून देवाचं नाव घेत हुती."

"आणि थंडी?" बाईंनी विचारलं.

"थंडी म्हंजे काय इचारू नगा," आबा म्हणाले. "बर्फातनं चालताना हिचा पाय घसरला. मी धरलं म्हणून, न्हायतर हाडच मोडलं असतं."

"धरलं कुठलं!" आई म्हणाली. "तुमीच आधी पडलासा, आणि मलाबी वढून घेतलासा."

"आगं, तू पडलीस."

"तुमी पडलासा. खोटं कशाला बोलतासा पावण्यांम्होरं?"

मुलगी सोफ्याच्या हातावर बसून ऐकत होती. "पण आजी, आबा तर..." तिने सुरुवात केली. मी तिच्याकडे बघितलं. ती थांबली, तिने आजीकडे बघितलं, आबांकडे बघितलं, आणि ती उठून आत पाणी आणायला गेली.

शेजारच्या बाई हसत होत्या. त्या मला म्हणाल्या, "दोघांचा बर्फातला फोटो दाखवा की हो मला."

फोन ट्रेमध्ये कपांच्या शेजारीच होता.

"दोघांचा न्हाय वो," आई सहज म्हणाली. "ह्यांचा फोटू मी काढायची, आणि माझा हे."

आबांनी मान डोलावली. मी ट्रे खाली ठेवला, फोन घेऊन बाईंसमोर बसले आणि एकेक फोटो दाखवायला सुरुवात केली.