दाखल्यावरचं नाव

खेळात नाव विचारलं आणि मी खरं नाव लिहिलं. नाव, आडनाव, गाव. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आहे तसं.

हसा.

संगणकावरचा खेळ. जगभरची माणसं एकाच वेळी त्यात शिरतात, कुणी तलवार घेतो, कुणी धनुष्य, टोळी करून जनावरं आणि राक्षस मारत हिंडतात. तिथं स्वतःचं नाव कुणीच लावत नाही. कुणी काळनाग, कुणी डॉन, कुणी नुसताच बाप. आणि त्या गर्दीत मी, अडतीस वर्षांचा बाप्या, डोक्यावर आख्खा दाखला तरंगत असलेला. पण मी तरी काय करणार? जन्मभर फॉर्मच भरले. शिष्यवृत्तीचा, वसतिगृहाचा, जात पडताळणीचा. एक वेलांटी चुकली की आपली जात आपलीच आहे हे पटवायला वर्ष जातं. त्यामुळं 'नाव' असा रकाना दिसला की माझा हात आपोआप शिस्तीत येतो. खाली 'वरील माहिती खरी आहे' असं लिहून सही करायला जागा दिसते का, तेही बघितलं. नव्हती.

आडनाव इथं सांगत नाही. एकदा लिहून काय झालं तेच तर सांगतोय.

मला त्या खेळात ओढलं रणजितदादांनी. पणदरेला एका दूध शीतकरण केंद्रात मी तपासनीस आहे, ते तिथले सुपरवायझर. माझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, पण 'दादा'. तिथं ते मला 'साहेब' म्हणायचे. एक दिवस चहा पिताना म्हणाले, "या की साहेब आमच्या मंडळात. समदी आपलीच पोरं हायती. बारामतीची, इंदापूरची."

आपलीच, असं म्हणाले. शाळेत असल्यापासून मला कुणी 'आपल्यात ये' म्हणालं नव्हतं. मी त्याच आठवड्यात हेडफोन आणला.

पहिल्या संध्याकाळी मंडळाची चौदा माणसं माइकवर होती. रणजितदादांनी माझं नाव मोठ्यानं वाचलं. हजेरी घेतल्यासारखं, एकेक शब्द तोडून. आडनावावर जरा थांबले.

कुणीतरी विचारलं, "सणसर? गावात का गावाबाहेर?"

दुसरा म्हणाला, "आडनाव वाच की लेका. इचारतुयास काय?"

मग हसणं. चौदा माणसांचं हसणं, थेट दोन्ही कानांत.

रणजितदादा म्हणाले, "बास. ह्याला कातड्याला लावा."

दादांना माझी जात ठाऊक होतीच. केंद्रावर ती कधी त्यांच्या तोंडात आली नाही. तिथं भिंतीवर नियम लावलेत, वर साहेब आहेत, कायदा आहे. इथं भिंत नव्हती. आणि 'साहेब'चा 'ह्याला' व्हायला एक वाक्य पुरलं. हे मला आज कळतंय. त्या दिवशी मी म्हणालो, "चालंल दादा. काय पण काम सांगा."

काय पण काम सांगा! माझ्याच तोंडून गेलं ते.

खेळात मी किती येडा होतो ते आधी सांगतो. एका दुकानदाराला 'नमस्कार दादा' लिहून पाठवलं आणि तो उत्तर देईल म्हणून थांबून राहिलो. माणूस आखडू दिसतोय, असं मनात आलं. तो माणूसच नव्हता, खेळातलं चित्र होतं. मग त्यालाच माझी तलवार विकून टोपी घेतली. तलवार एकच असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पुढच्या वळणावर मला सशानं मारलं. टोपी चांगली दिसत होती. माइक बंद करायचा असतो हेही माहीत नव्हतं, त्यामुळं आमच्या कुकरच्या चार शिट्ट्या सगळ्या मंडळानं मोजल्या.

कातडं काढणं हा त्या खेळातला एक धंदा आहे. कुणीही शिकू शकतो. जनावर मेलं की जवळ जाऊन बसायचं, एक बटण दाबायचं, तुमचा माणूस वाकून सुरा चालवतो, कातडं तुमच्या पिशवीत. त्यातून चिलखतं होतात, बूट होतात, घोड्याचं खोगीर होतं. आमच्या मंडळात असं ठरलं की ते पुढं जाऊन मारणार आणि मी मागनं जाऊन सोलणार. रानडुक्कर, लांडगा, अस्वल, बैल. ते पुढच्या टेकडीवर गेलेले असायचे. मी मागं वाकलेला.

कातडी त्यांची, चिलखतं त्यांची. माझ्या अंगावर पहिल्या दिवसाचा सदरा.

"नव्या माणसानं आधी राबायचं आसतं," दादा म्हणाले. मला ते पटलं. सगळीकडं तसंच असतं. मी राबलो. रोज संध्याकाळी कामावरून आलो की दोन तास सोलायला बसायचो. एवढं सोललं की माझ्या नावापुढं 'मास्टर' लागलं. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "घरात कांदा सोलायला दिला तर रडता."

मग कन्हेरीचा एक गडी आला. माझ्यानंतर सहा आठवड्यांनी. नाव 'सरकार९६'. आल्या आल्या त्याला घोडा दिला, धनुष्य दिलं, मी सोललेल्या कातड्याचं चिलखत दिलं. त्यानं पहिला बाण मारला तो आमच्याच माणसाला. कुणी काही बोललं नाही.

मी विचारलं, "दादा, ह्यो बी नवाच हाय की. ह्याला कातडं न्हाय?"

दादा म्हणाले, "त्याला न्हाय जमायचं. तुमच्या हाताला सवय आसती. रक्तातच आसतं ते."

सगळे हसले. सगळ्यात आधी मी हसलो. हसलो नाही तर 'राग आला व्हय?' असं विचारतील, म्हणून आधीच हसून ठेवलं. खोलीत एकटा. कानाला हेडफोन. समोरच्या काचेत माझं तोंड दिसत होतं आणि ते हसत होतं. बाकी सगळे अपमान मी विसरेन. ते तोंड विसरणार नाही.

पुढच्या आठवड्यात मंडळानं गड बांधला आणि दादांनी हुद्दे वाटले. कुणी सरदार, कुणी मानकरी, कुणी शिलेदार. माझ्या नावाखाली एकच शब्द उमटला. येसकर.

गडाच्या दाराबाहेर एक पेटी होती. कातडी आणायची आणि त्या पेटीत टाकायची. दार ढकलायला गेलं की पाटी यायची, या हुद्द्याला आत परवानगी नाही. आत शेकोटी पेटलेली खिडकीतनं दिसायची. मला वाटलं, येसकर म्हणजे वेशीवरचा राखणदार, विश्वासाचा माणूस. शब्द कानावरून गेलेला होता. आमच्या घरात तो कुणी मोठ्यानं बोलत नसे, पण का बोलत नाही हे मी कधी विचारलं नव्हतं. बीएस्सी केमिस्ट्री. दुधात पाणी किती ते सांगायचा पगार घेतो मी.

त्याच सुमारास आबा आले. माझे वडील. पंचाहत्तरीचे. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सणसरहून बारामतीला आणलं होतं. सुट्टीची दुपार होती. ते मागं खाटेवर बसलेले, मी खेळत होतो.

"काय चाललंय?"

"खेळ हाय, आबा."

"त्यो वाकून काय करतुय?"

"कातडं काढतुय."

"कोन हाय त्यो?"

"मीच की."

"आन ती फुडं घोड्यावर?"

"आमच्या केंद्रावरचं दादा. मंडळाचं म्होरकं."

आबांनी डोळे बारीक केले. "तुझ्या डोक्यावर काय लिव्हलंय?"

मी वाचून दाखवलं. नाव. आडनाव. गाव. मास्टर. आणि आवाज जरा चढवून, "येसकर."

खाट कुरकुरली. आबा उठून मोरीकडं गेले. साबण लावून हात धुतले. कशालाही हात लावला नव्हता त्यांनी. तरी बराच वेळ धूत होते. परत आले आणि माझ्याकडं न बघता बोलले.

"माझा बाप येसकर हुता सणसरचा. मेलेलं ढोर वढायचा, सोलायचा, वाड्याच्या दाराफुडं भाकरीला हुबा ऱ्हायाचा. आमी धम्म घेतला आन चार दिसांनी मोठ्या घरचा बैल मेला. मानूस आला बोलवाया. बाप म्हनला, आता न्हाय. बैल तीन दिस तितंच. फुगला. गावानं गिरनी बंद केली आमची. मी सात वर्साचा. जुंधळं उकडून खाल्लं म्हयनाभर. बापानं सुरा कालव्यात टाकला ह्या माझ्या डोळ्यांदेखत."

मी हेडफोन काढला.

"आसूंदे," आबा म्हणाले. "खेळ तू." आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

पुढच्या रविवारी मंडळाची मोठी शिकार होती. खेळातला डोंगराएवढा रेडा. महिनाभर तयारी चालली होती. त्याचं कातडं मिळालं की सगळ्यांची चिलखतं एका फटक्यात होणार. पण ते काढायला मास्टर लागतो. मंडळात मास्टर एकच. आणि जनावर मेल्यावर दोनच मिनिटं तिथं राहतं. मग विरघळून जातं.

दुपारभर लढून त्यांनी रेडा पाडला. माइकवर नुसता जल्लोष. मग दादांची हाक.

"ए येसकर, ये फुडं!"

गेलो. रेड्याच्या पोटाजवळ उभा राहिलो. बटणावर बोट होतं. मागं खाटेवर आबा होते, डोळ्याला हिरवी पट्टी बांधलेले.

मी दोन्ही हात उचलले आणि मांडीवर ठेवले.

"बस की लेका!"

"नेट गेलं व्हय ह्याचं?"

"दीड मिंट हाय."

मी बोलायला लागलो. आठवडाभर घोकलेलं भाषण होतं. माझ्या आज्यापासून सुरुवात केली, गिरणी, जोंधळे, कालवा, सगळं घेतलं. कुणी हूं की चूं करेना. मला वाटलं, हादरले. मग लक्षात आलं, माइक बंद आहे. अडीच महिने उघडा राहिलेला माइक नेमका त्या दिवशी मी बंद करून बसलो होतो. चालू केला तेव्हा भाषणातलं एकच वाक्य शिल्लक होतं.

"न्हाय काढायचं."

"काय?"

"कातडं. मी न्हाय काढायचं. तुमच्यातल्या कुणाला तरी शिकवा."

"आरं, खेळ हाय ह्यो!"

"मंग तुमी खेळा की कातडं."

"साहेब," दादा म्हणाले. त्या माइकवर पहिल्यांदाच. "साहेब, आसं नका करू. वीस सेकंद ऱ्हायल्यात. साहेब!"

शूरपणा वगैरे काही नाही. भीतीच होती. उद्या केंद्रावर त्याच माणसापुढं उभं राहायचं होतं. पण हात मांडीवरच राहिले.

रेडा विरघळला. नुसतं गवत उरलं.

मग माझ्या जातीवरून जी शिवी आली ती इथं लिहीत नाही. ज्यांनी ती खाल्लीय त्यांना सांगायला नको. ज्यांनी दिलीय त्यांनाही नको. पाटी आली, तुम्हाला मंडळातून काढण्यात आलं आहे.

सोमवारी दादा स्वतः चहाचा कप घेऊन माझ्या टेबलापाशी आले. "मनावर घेतलं व्हय, साहेब? मजाक हुती."

"तुमची हुती," मी म्हणालो.

ते जरा वाकले. आवाज खाली आणला. "आसं करा. दुसऱ्या नावानं या. आडनाव काढून टाका, कुनाला कळायचं न्हाय. घोडा देतो. गडात घेतो."

खरं सांगतो, घोडा म्हणाल्यावर क्षणभर माझ्या डोळ्यांपुढं घोडा आला. तपकिरी. मी त्या खिडकीतली शेकोटी अडीच महिने बाहेरून बघितली होती.

"नाव बदलत न्हाय," मी म्हणालो. चहा तिथंच राहिला. निवून त्याच्यावर साय धरली.

संध्याकाळी खेळ उघडला. शिकलेला धंदा विसरायची सोय त्यात आहे. बटण दाबलं. खेळानं विचारलं, खात्री आहे का, सगळी मेहनत पुसली जाईल. पुसली. मास्टर गेलं. येसकर आधीच गेलं होतं. राहिलं नाव, आडनाव, गाव. ते तसंच राहणार. ज्याला वाचायचंय त्यानं वाचावं, पाहिजे तर तोडून तोडून वाचावं. खेळात, केंद्रावर, गावात, जिथं कुठं हे आडनाव वाचून कुणी मला काम नेमून देईल, तिथं माझे हात मांडीवर असतील. त्यांचं जनावर त्यांच्या दारात कुजू दे. आणि मी आता कुणाच्या आधी हसणार नाही.

उठलो. आबांपाशी जाऊन उभा राहिलो. चाळिशीला आलोय, पण पास झालेल्या पोरासारखा उभा होतो.

"आबा, सोडलं मी."

आबांनी पट्टीखालच्या डोळ्याचं पाणी पुसलं. औषधाचं होतं ते.

"माझा बाप अडानी. त्यानं एका दिसात सोडलं," आबा म्हणाले. "तू बीएस्सी. तुला अडीच म्हयनं लागलं."