वन्सं डोंगराचा फोटो काढतात

वाऱ्यावर डोळे वटारणारी एकच बाई मी आजवर पाहिली आहे, आणि ती नेमकी माझी नणंद आहे. मोहोपाड्याच्या एका केमिकल कारखान्याच्या प्रयोगशाळेत वन्संनी सगळी नोकरी काढली. तिथे म्हणे त्यांच्या चपलेचा आवाज आला तरी माणसं सावरून उभी राहायची. निवृत्तीनंतर दरारा दाखवायला कोणी उरलं नाही, म्हणून त्यांनी निसर्गाला धारेवर धरलं, असं आमच्या घरचं मत आहे. खोपोलीतला एक जुना फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून त्यांनी एक अवाढव्य लाकडी कॅमेरा उचलून आणला. पितळी लेन्स, पुढेमागे सरकणारा चामड्याचा भाता, मागे दुधी काच आणि डोक्यावरून घ्यायला काळं कापड. असल्या कॅमेऱ्यासमोर पूर्वी नवरानवरी श्वास रोखून बसायची. वन्संना मात्र माणसांत काडीचाही रस नाही. "माणसं हलतात," त्या म्हणतात. त्यांना फक्त डोंगर लागतात.

आता डोंगर हलत नाही हे खरं, पण त्याच्या पुढ्यातलं गवत हलतं, झाडाचं पान हलतं, आणि वन्संच्या एका फोटोला चांगली वीस सेकंदं लागतात. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली की सगळं मुसळ केरात. मग कापडाखालून आवाज येतो, "अरे, थांब की जरा मेल्या! दुसरं काही काम नाही का तुला?" एकदा रस्त्यावरून जाणारा एक बिचारा मोटरसायकलवाला हे ऐकून खरोखरच थांबला आणि गाडीची कागदपत्रं काढायला लागला. वन्संनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. वारा अजून चालूच होता ना!

त्यात आमच्या कर्जत-खालापूर भागात तीन पायांचं काहीही शेतात उभं केलं की लोकांना एकच अर्थ कळतो, मोजणी आली! खालापूरकडच्या एका बांधावर वन्संनी स्टँड मांडला, तर मालक तावातावानं धावत आले. "ओ बाई, कोनाला इचारून मोजताय? आमाला नाय इकायची जमीन!" वन्सं कापडातून बाहेरही न येता म्हणाल्या, "हलू नका." गृहस्थ आहेत तिथेच थिजले. मग वन्संनी त्यांना हाताला धरून कापडाखाली घेतलं आणि दुधी काच दाखवली. काचेवर चित्र उलटं दिसतं, खाली आकाश आणि वर जमीन. "आयला! आख्खा डोंगर उलटा केलात की ओ बाई!" असं म्हणत त्यांनी घरातल्या एकेकाला हाका मारल्या, म्हाताऱ्या आईला तर खुर्चीसकट उचलून आणलं. चहा झाला, पोहे झाले, ऊन उतरलं आणि फोटो राहिला तो राहिलाच. एवढ्यात एका जमिनीच्या दलालानं गाडी थांबवून हळूच विचारलं, "काय भाव निघाला मॅडम?" वन्सं म्हणाल्या, "डोंगराचा ना? अजून ठरायचाय." आठवडाभर त्या गावात डोंगर विकला जाणार अशी बोलवा होती.

या सगळ्याचा प्रसाद आम्हालाही मिळतो. फिल्म धुवायला वन्संना आमचं कर्जतचं न्हाणीघर आवडतं, कारण त्याला खिडकी एकच आहे. ती माझ्या गोधडीनं बंद होते, दिवा लाल होतो, आणि त्यांचे सख्खे धाकटे भाऊ, म्हणजे आमचे हे, ऑफिसच्या दिवशी अंगणातल्या नळावर उघड्यानं आंघोळ करतात. त्यांची तक्रार नाही. लहानपणापासून सवय आहे म्हणतात.

पण सगळ्या डोंगरांत वन्संचा जीव अडकलेला राजमाचीत. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या अलीकडे एका बांधावर ऐनाचं मोठं झाड आहे, त्याच्यामागे राजमाची पुरी उभी राहते. हा एक फोटो त्यांना हवा होता. कितीतरी हिवाळे आम्ही तिथे गेलो. कधी धुकं, कधी ढग, आणि वारा तर पाचवीलाच पुजलेला. बांधाजवळच हिराकाकूंचं घर. स्टँड त्यांच्या पडवीत ठेवायचा, चहा त्यांच्याकडे घ्यायचा, असा घरोबा झाला होता. गेल्या हिवाळ्यात त्या हिराकाकूंचाच फोन आला, "ताई, टावर हुबे ऱ्हायलेत दोन्ही अंगाला. सोमवारी तारा ओढनार हायत. डोंगराच्या बरोब्बर आडव्या."

फोन आला शनिवारी. वन्संकडे फिल्म उरली होती एक, म्हणजे एकाच फोटोपुरती. नवी मागवलेली यायला अजून अवकाश होता. रविवारी उजाडता उजाडता मी स्कूटर काढली. कॅमेऱ्याची पेटी माझ्या पायाशी, मागे वन्सं, त्यांच्या मांडीवर आडवा स्टँड. रस्त्यावरची कुत्रीसुद्धा बाजूला होत होती. आणि काय सांगू, त्या दिवशी वारा नव्हता! ऐनाचं पान हलत नव्हतं! तारांसाठीचे मनोरे दोन्हीकडे उभे होते, पण चौकटीच्या बाहेर. मधे राजमाची, अगदी धुतल्यासारखी. वन्संनी काचेवर चित्र जुळवलं, फिल्मचा चपटा डबा मागे बसवला, लेन्सचं झाकण काढलं आणि आकडे मोजायला लागल्या. निम्म्यात आल्या असतील नसतील, तोच तारांची भेंडोळी घेऊन एक टेंपो कच्च्या रस्त्यानं धडधडत आला, आणि झाड, डोंगर सगळं तांबड्या धुळीत दिसेनासं झालं.

वन्संनी झाकण लावलं आणि बांधावर बसल्या. "गेला गं शोभा," एवढंच म्हणाल्या. टेंपोवाल्याला नाही, वाऱ्याला नाही, कोणालाही बोलल्या नाहीत. निदान आवरायला लागावं म्हणून मी डब्याची पट्टी शोधू लागले. ही काळी पट्टी फिल्म झाकून ठेवते. फोटोआधी ती ओढून काढायची आणि नंतर परत सरकवायची. वन्सं मधल्या वेळात ती काखेत धरतात. काखेत नव्हती. पिशवीत नव्हती. हिराकाकू आणि मी गवतात वाकून वाकून शोधलं, बांधाखाली उतरून शोधलं. शेवटी घाम पुसत मी कॅमेऱ्याकडे पाहिलं, तर पट्टी डब्यातच! ओढलीच नव्हती! फिल्मपर्यंत उजेडाचा कणही गेला नव्हता!

"वन्सं!" मी अशी किंचाळले की टेंपोवाला उतरून पळत आला. वन्संनी पट्टी पाहिली, कपाळावर हात मारला आणि लहान मुलीसारख्या हसत सुटल्या. चाळीस वर्षं प्रयोगशाळेत दुसऱ्यांच्या चुका पकडणारी बाई ती! हिराकाकूंनी पदर खोचला. "टेंपो बंद कर रं! आनि कोनी हलायचं नाय! ताईंचा फोटो हाय!" तिकडून मनोऱ्यापाशी काम करणाऱ्या तारवाल्यांचा मुकादम ओरडला, "जनरेटर बंद करो रे!" धूळ हळूहळू बसली. राजमाची परत उभी राहिली. वन्संनी पट्टी ओढली आणि मला दिसावी म्हणून डोक्यावर धरली. झाकण निघालं. "एक," वन्सं म्हणाल्या. "दोन," हिराकाकू म्हणाल्या. पाचापासून मी, सातापासून तारवाले हिंदीत, असे आम्ही सगळे खड्या आवाजात मोजत होतो. आवाजानं फोटो हलत नाही हे मला त्या दिवशी कळलं. वीस झाल्यावर टाळ्या काय, शिट्ट्या काय!

फोटो आला. ऐनाचं पान न् पान, कड्याची रेघ न् रेघ. सोमवारी ठरल्याप्रमाणे तारा ओढल्या.

गुढीपाडव्याच्या सुमारास हिराकाकूंना त्याची प्रत द्यायला गेलो. मधल्या काळात त्यांच्या घरी नवी सून आली होती. तिनं पाणी दिलं, फोटो हातात घेतला, दारातून डोंगराकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. "मावशी, यातल्या तारा कुटं गेल्या ओ? मोबाईलवर पुसल्यात का?"

तिनं आल्यापासून तो डोंगर तारांमागेच पाहिला होता. वन्संनी तिच्या हातातला फोटो जरा उजेडाकडे वळवला.

"नाही गं पोरी," त्या म्हणाल्या, "त्या अजून यायच्यात."